वय झाले म्हणजे काय झाले?

आपल्या भाषेत दोन शब्द असे आहेत की, ते एकदा उच्चारले म्हणजे पुढे विचार करण्याची गरजच उरत नाही. ‘वय झालं’ हे ते दोन शब्द. म्हातारीचे गुडघे धरले? वय झालं. म्हाताऱ्याचे दात हलू लागले? वय झालं. पाठीला पोक आला, उंची दोन बोटे उतरली, साध्या ठेचेने मनगट मोडले. वय झालं, वय झालं, वय झालं! घरातला कर्ता हे म्हणतो, शेजारी म्हणतात, समाचाराला आलेले पाहुणे चहाच्या घोटाबरोबर म्हणतात. आणि खेदाची गोष्ट ही की, पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात. शेवटी ज्याचे वय झालेले असते तो बिचारा आपणही तेच म्हणू लागतो. चारचौघांशी वाद घालण्याचे त्याचे वय राहिलेले नसते ना!

दिवाळीच्या दिवसांत, चकली-चिवड्याच्या संगतीला, हाडे मोडण्याची कथा सांगत बसणे हे फारसे शिष्टसंमत नाही, हे मला कळते. परंतु तीन-तीन पिढ्यांची माणसे एका छपराखाली जमतात ती दिवाळीतच. आणि न्हाणीघराची फरशी तेलाने व उटण्याने जितकी निसरडी दिवाळीत होते तितकी वर्षात कधी होत नाही. तेव्हा या विषयाला याहून योग्य मुहूर्त मला सापडत नाही.

माझ्या वडिलांची थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणत असू, २००९ सालच्या नरकचतुर्दशीला पहाटे कोकणातल्या आमच्या घरी न्हाणीघरात घसरून पडली. घरातल्या सगळ्या पोरांना तिने आपल्या हाताने तेल लावले होते. सर्वांचे उरकल्यावर ती स्वतः न्हायला गेली, आणि त्याच तेलावरून तिचा पाय सरकला. डाव्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हा ती ८२ वर्षांची होती. तालुक्याच्या गावी नेऊन फोटो काढला. “शस्त्रक्रिया करता येईल, पण वय पाहता काय ते तुम्ही घरच्यांनी ठरवा,” असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. घरच्यांनी ते ओसरीवर बसून ठरवले. “ब्याऐंशी वर्षांचं हाड ते, आता कुठलं सांधतंय?” असे एक काका म्हणाले. “या वयात कापाकापी करून तिचे हाल कशाला?” असे दुसरे म्हणाले. आक्काच्या मुलाने माझ्याकडे पाहिले. मी शहरात राहणारा, चार बुके शिकलेला. “दादा, तू काय म्हणतोस?” असे त्याने विचारले, आणि मी म्हणालो, “वय झालंय रे तिचं. घरीच आराम पडू दे.”

आक्का खाटेवर पडली ती पडलीच. भेटायला येईल त्याला ती एकच सांगे, “मला नुसती उभी करा रे. उभी राहिले की माझी मी चालेन.” आम्ही तिला उभी केली नाही. पाठीला जखमा झाल्या, पुढे छातीत कफ साठला, आणि संक्रांतीच्या आधी ती गेली. तेराव्याच्या पंगतीत जो तो म्हणत होता, “सुटली बिचारी. वय झालं होतं.”

हा लेख म्हणजे ओसरीवरच्या त्या माझ्या एका वाक्याविरुद्ध मी केलेली फिर्याद आहे, असे वाचकांनी समजावे. आरोपी मी आहे; पण आरोपीच्या पिंजऱ्यात मी एकटाच उभा राहणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

*

मुळात चूक होते ती हाड म्हणजे काय हे समजण्यात. आपल्याला वाटते, हाड म्हणजे घराचा वासा. वासा जुना झाला, वाळवी लागली, मोडला. आता त्याला काय करणार? परंतु हाड हे लाकूड नव्हे. ते जिवंत आहे, आणि ते रात्रंदिवस पाडले जात असते व बांधले जात असते. धडधाकट माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. या कामावर दोन प्रकारच्या पेशी असतात. एक पाडकाम करणाऱ्या, म्हणजे जुने हाड विरघळवून खाणाऱ्या. दुसऱ्या गवंडीकाम करणाऱ्या, म्हणजे नवे हाड रचणाऱ्या. तरुणपणी दोघींचा हिशेब जुळतो. पुढे पाडणाऱ्यांचा हात चालता राहतो आणि बांधणाऱ्यांचा आखडतो. हाड आतून विरळ होत जाते.

येथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की, पाडकाम करणाऱ्या या पेशी मुळात हाडाच्या कुळातल्या नव्हेतच. त्या रक्ताच्या कुळातल्या आहेत. शरीरात शिरलेले जंतू गिळून टाकणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी, त्यांच्या त्या सख्ख्या चुलत बहिणी. दोघींचा जन्म हाडाच्या पोकळीतल्या मज्जेत होतो. म्हणजे आपले सैन्य राहते हाडाच्या आत, आणि हाड पोखरणारे मजूरही त्याच सैन्यातून भरती होतात. सैन्याचा आणि हाडाचा इतका घरोबा असताना सैन्य म्हातारे झाले की त्याची झळ हाडाला पोचणार नाही, असे कसे होईल?

या घरोब्याचा पहिला धडधडीत पुरावा मिळाला तो १९७२ साली. अमेरिकेतील काही संशोधकांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्यांना चेतवले. चेतवण्यासाठी त्यांनी जे पदार्थ वापरले त्यांत माणसाच्या दातांवर साचणारे किटणही होते. चेतलेल्या पेशींनी जो द्रव सोडला तो हाडाच्या तुकड्यावर घालताच हाड झिजू लागले. म्हणजे पांढऱ्या पेशी चिडल्या की त्या हाड खाण्याचा हुकूम सोडतात. तो हुकूम नेमका कोणत्या रेणूच्या हातून जातो, हे कळावयाला १९९० नंतरची वर्षे उजाडावी लागली. आणि आज त्या रेणूला अडवणारे इंजेक्शन बाजारात मिळते.

आता ‘दात पडले, वय झालं’ हे वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहा. दात वयाने पडत नाहीत. दातांच्या मुळाशी किटण साचते, हिरडी सुजते, पांढऱ्या पेशी तेथे वर्षानुवर्षे चिडून बसतात, आणि त्यांच्या हुकमाने जबड्याचे हाड खाल्ले जाते. खुंटाभोवतीची माती गेली की खुंट हलतो. तसा दात हलतो. आमची आक्का चाळीस वर्षे सकाळ-संध्याकाळ मिशरी लावत होती. तंबाखू भाजून केलेल्या त्या काळ्या भुकटीने दात घट्ट होतात अशी तिची समजूत होती. साठीच्या आत तिच्या तोंडात एक दात उरला नाही, आणि आम्ही सर्वांनी त्याचे खापर फोडले वयावर! तंबाखूने हिरडी जाते, आणि अंगातले हाडही विरळ होते. परंतु बाईच्या मिशरीची काळजी करील असा पुरुष त्या घरात नव्हता. पुरुष आपापल्या पानतंबाखूत मग्न होते.

*

मग म्हातारपणी या सैन्याचे होते तरी काय? येथे दुसरा मोठा गैरसमज आड येतो. लोक समजतात की, म्हातारपणी प्रतिकारशक्ती कमी होते. तेव्हा ती वाढवली म्हणजे झाले. दिवाळीच्या भेटीच्या डब्यात हल्ली काजूकतलीच्या शेजारी ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ गोळ्यांची बाटली येते. चूर्णे येतात, काढे येतात, थेंब येतात. हे सगळे विकणारांना माझा एकच सवाल आहे: बाबांनो, वाढवावयाचे ते नेमके काय?

कारण खरी हकिगत अगदी उलटसुलट आहे. उरोस्थीच्या मागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. टी नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे शिकून तयार होतात. ही पाठशाळा तारुण्यापासूनच ओस पडू लागते, आणि साठीपर्यंत तिच्या जागी बव्हंशी चरबी उरते. नवे शिपाई येईनासे होतात. जुने शिपाई मात्र निवृत्त होत नाहीत. आयुष्यभराच्या लढायांनी ते चिडखोर झालेले असतात. नवा शत्रू त्यांना ओळखता येत नाही, पण जरा खुट्ट झाले की ते आरडाओरडा करतात. परिणामी म्हाताऱ्याच्या अंगात एक बारीक दाह सतत धुमसत राहतो. ताप येत नाही, सूज दिसत नाही. पण रक्त तपासले तर दाहाचे रेणू वाढलेले सापडतात. इटलीचे क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली या धुमसण्याला एक जोडनाव दिले. वार्धक्य आणि दाह हे दोन शब्द त्यात त्यांनी सांधले. योगायोग असा की, हाडे आणि प्रतिकारसंस्था यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या शास्त्रालाही स्वतंत्र नाव मिळाले ते त्याच २००० साली.

ज्यांनी पावसाळ्यात ओल्या लाकडांची चूल पेटवली आहे त्यांना हे चटकन समजेल. ओले लाकूड धड पेटत नाही आणि धड विझतही नाही. घरभर धूर मात्र करते. म्हातारपणची प्रतिकारसंस्था ही अशी चूल आहे. लढाई आली तर जाळ कमी पडतो. म्हणून साधा खोकला फुप्फुसात उतरतो. लढाई नसताना धूर चालूच राहतो. म्हणून हाड पोखरले जाते. अशा चुलीवर ‘शक्तिवर्धक’ ओतणारा मनुष्य जाळ वाढवणार की धूर, हे त्याचे त्याला तरी ठाऊक आहे काय?

बायकांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. पाळी थांबल्यावर जो संप्रेरकाचा आधार जातो त्याने हाड झिजते, हे आपण ऐकतो. पण उंदरांवरील प्रयोगांत असे दिसून आले आहे की, तो आधार गेल्यावर टी पेशीही चेततात, आणि हाड पोखरण्याच्या कामाला त्यांचाही हात लागतो. पन्नाशीनंतर आपल्या घरातल्या बायका कंबर धरून उठतात तेव्हा त्यांच्या हाडांत केवढी उलथापालथ चाललेली असते! आणि आपण म्हणतो, बायकांचे दुखणे नेहमीचेच.

*

आता मोडलेल्या हाडाकडे वळू. हाड मोडले की तेथे रक्त साकळते. ती गाठ म्हणजे नुसती घाण नव्हे. तेथेच दुरुस्तीचा पाया घातला जातो. पहिल्या काही दिवसांत पांढऱ्या पेशी तेथे धावतात, मेलेला भाग खाऊन साफ करतात आणि मदतीची हाक देतात. या वेळी दाह हवाच. ज्या उंदरांत दाह पेटवणारे एक महत्त्वाचे विकर नव्हते त्यांची हाडे नीट सांधली नाहीत, असे २००२ साली दाखवून देण्यात आले. परंतु काम झाल्यावर हा दाह विझलाही पाहिजे. त्याच पेशी मग आपला स्वभाव पालटतात, लढवय्याच्या शुश्रूषक होतात. आधी कूर्चेचा मऊ सांधा, मग कच्चे हाड, आणि पुढे महिनोन्‌महिने त्याची घडण, असा क्रम चालतो. वेळेवर पेटणे आणि वेळेवर विझणे, सगळी किमया या दोहोंत आहे. म्हातारपणी नेमके हेच दोन्ही बिघडते. आधीच धुमसणारी चूल हाकेसरशी भडकत नाही, आणि एकदा भडकली की शांत होत नाही.

हे केवळ उंदरांचे पुराण नव्हे. २०१३ साली बर्लिनच्या संशोधकांनी नडगीचे हाड मोडलेल्या माणसांचे रक्त तपासले. ज्यांचे हाड सांधावयाला उशीर लागत होता त्यांच्या रक्तात जुन्या, लढून लढून चिडखोर झालेल्या टी पेशींची एक जात जास्त होती. म्हणजे सांधण्याचा वेग जन्मतारखेवर जितका अवलंबून, तितकाच रक्तातल्या या जुन्या शिपायांच्या गर्दीवर.

“म्हाताऱ्याचं हाड सांधतच नाही” असे म्हणणाऱ्या माझ्या काकांना मी आज दोन साक्षीदार दाखवीन. पहिला अगदी जुना आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांच्या चिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. तेथे सांगितले आहे की, पहिल्या वयात सांधा एका महिन्यात पक्का होतो, मधल्या वयात त्याला दुप्पट काळ लागतो आणि उतारवयात तिप्पट. तिप्पट! ‘सांधत नाही’ असे नव्हे. परंपरेच्या गोष्टी सांगणाऱ्या आम्हा लोकांनी परंपरेतली ही एवढी ओळ तरी लक्षात ठेवावयाची होती.

दुसरा साक्षीदार २०१५ सालचा. अमेरिका व कॅनडातील संशोधकांनी एका म्हाताऱ्या व एका तरुण उंदराचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडले. म्हाताऱ्या उंदराचे मोडलेले हाड पुष्कळच अधिक चांगले सांधले. पुढे २०१८ साली असे दिसले की, या चमत्कारामागे तरुण रक्तातल्या त्या जंतू गिळणाऱ्या पेशी आणि त्यांनी सोडलेले रेणू होते. हाड म्हातारेच होते. सोबत मिळाली तेव्हा ते कामाला लागले.

येथे प्रामाणिकपणे विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. २०२१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांना असे आढळले की, हाड घडवणाऱ्या मूळ पेशी स्वतःही म्हाताऱ्या होतात, त्या स्वतःच धुमसणे वाढवतात, आणि नुसत्या तरुण रक्ताने त्या सुधारत नाहीत. म्हणजे सगळा दोष सैन्याचा नव्हे. परंतु त्याच संशोधकांनी मोडल्या जागी दोन गोष्टी मिळून दिल्या: बांधकामाला चेतवणारे एक प्रथिन, आणि पाडकाम करणाऱ्यांची भरती थोपवणारे एक औषध. म्हाताऱ्या उंदराचे हाड तरुणासारखे सांधले. म्हणजे ‘कायमचे गेले’ असे जे आपण समजत होतो ते गेलेले नसून दबलेले होते.

यावरून कोणी अमृताच्या शोधात धावू नये, म्हणून एक गोष्ट सांगतो. अंगातल्या जीर्ण पेशी औषधाने मारून टाकल्या तर हाड टिकेल, असे उंदरांत २०१७ साली दिसले आणि मोठा गाजावाजा झाला. मग पाळी थांबलेल्या ६० स्त्रियांवर वीस आठवडे प्रयोग झाला. २०२४ साली त्याचे निष्कर्ष आले. हाडाची झीज थांबवण्याचा जो मुख्य उद्देश होता तो साधला नाही. उंदीर तो उंदीर आणि माणूस तो माणूस. ड जीवनसत्त्वाचीही तीच गत. अंगात ते कमी असेल त्याने ते घेतलेच पाहिजे. पण २५,००० हून अधिक माणसांच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत, ज्यांना एरवी काही कमी नव्हते अशांना त्या गोळ्यांनी हाडमोडीपासून वाचवले नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. बाटलीतून तारुण्य विकत घेता येत नाही, एवढेच.

*

आता शेवटचा आणि सर्वांत बिकट प्रतिवादी उरतो. तो दुष्ट नाही, तो दयाळू आहे. “हाल नकोत,” असे तो म्हणतो. मीही हेच म्हणालो होतो. या दयेचा मी आता हिशेब मांडतो.

खुब्याचे हाड मोडलेला म्हातारा खाटेवर ठेवला म्हणजे त्याचे हाल टळतात काय? प्रत्येक वेळी कूस बदलताना तो कळवळतो. स्नायू आठवड्या-आठवड्याने झडतात. वापर नसलेले हाड आणखी विरळ होते. पाठीला जखमा होतात, लघवीत जंतू होतात, फुप्फुसात कफ साठतो. आणि प्रत्येक जखम, प्रत्येक जंतू त्या ओल्या चुलीत आणखी एक लाकूड घालतो. पडून राहणे ही विश्रांती नव्हे; ती त्या धुमसण्याची वाढ आहे. जगभरचा अनुभव असा की, शस्त्रक्रिया करूनही खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी चार-पाचांत एक जण वर्षाच्या आत दगावतो. हे दुखणे इतके गंभीर आहे. आणि इतके गंभीर आहे म्हणूनच ते ओसरीवर ठरवावयाचे नाही.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला झेपेलच असे मी म्हणत नाही. हृदय, मूत्रपिंड, सर्व पाहून जाणत्या डॉक्टरने नाही म्हटले तर ते ऐकले पाहिजे. पण वयाचा आकडा हे कारण नव्हे. शक्य तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी आणि लगोलग माणसाला उभे करावे, हा आज जाणत्यांचा दंडक आहे. २०२० साली १७ देशांतील सुमारे ३,००० रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. काही तासांत शस्त्रक्रिया झालेले आणि एका दिवसाने झालेले, यांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. पण लवकर झालेल्यांत वात होऊन बरळणे कमी होते, आणि ते लवकर उभे राहिले. “मला नुसती उभी करा,” असे आक्का म्हणत होती. तिला वैद्यक येत नव्हते. पण उपचार तीच बरोबर सांगत होती.

याहूनही एक गोष्ट मला जास्त डाचते. आक्का पडण्यापूर्वी दोन वर्षे, २००७ साली, खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या २,१२७ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष आले होते. वर्षातून एकदा शिरेतून द्यावयाच्या एका औषधाने पुन्हा हाड मोडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले, आणि मृत्यूंचे २८ टक्क्यांनी. हे औषध त्या पाडकाम करणाऱ्या पेशींना आवरते. मृत्यूंतील घट केवळ टळलेल्या हाडमोडीने पुरी समजत नाही, इतकी ती मोठी होती. म्हणजे २००९ साली ज्ञान होते, औषध होते, शस्त्रक्रिया होती. आमच्या ओठांवर मात्र दोनच शब्द होते.

आणि तिच्याही मागे जातो. आक्काचे मनगट मोडले होते ते सत्तरीच्या आत, अंगणात नुसती पाय अडखळून पडली तेव्हा. आंबेहळदीचा लेप लावला, पट्टी बांधली, दीड-दोन महिन्यांत ती पुन्हा भाकऱ्या थापू लागली. सगळे म्हणाले, पडली म्हणून मोडले. कोणी असे विचारले नाही की, उभ्या माणसाच्या साध्या पडण्याने हाड मोडतेच का? तो हाडाने दिलेला इशारा होता. त्याच वेळी हाडाची घनता मोजली असती, औषध सुरू केले असते, तर पुढची पंधरा वर्षे आमच्या हाताशी होती.

*

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने कोणाचेही हाड मोडले, तर प्लास्टर निघाल्यावर विषय संपला असे समजू नका. हाडाची तपासणी करा, आणि डॉक्टरांना औषधाचे स्पष्ट विचारा. ते औषध मूत्रपिंड पाहून आणि ड जीवनसत्त्वाची भरपाई करून द्यावयाचे असते. पण द्यावयाचे असते. म्हातारीच्या ताटात नुसती पेज आणि लोणचे वाढू नका. डाळ, दूध, दही, चालत असेल तर अंडे आणि मासळी वाढा, कारण पांढऱ्या पेशी काय आणि हाड काय, दोहोंचा माल एकाच कोठारातून येतो. तिच्या हिरड्या दाखवा, मिशरी सोडवा, साखर काबूत ठेवा. न्युमोनियाची आणि इन्फ्लुएन्झाची लस तिलाही द्या. नातवाच्या लसीचे कार्ड आपण कपाटात जपून ठेवतो, आजीचे कार्ड कोणी कधी पाहिले आहे?

आणि तिला चालू द्या. २०१८ साली इंग्लंडात ५५ ते ७९ वयाच्या १२५ सायकलस्वारांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांच्या थायमसमधून नव्या टी पेशी जवळजवळ तरुणांइतक्याच बाहेर पडत असल्याचे आढळले. मुळात निकोप होते म्हणूनच ते सायकल चालवत असतील, असे कोणी म्हणेल, म्हणू द्या. पण बसून राहिल्याने ती पाठशाळा उघडते असे म्हणणारा मला अजून भेटावयाचा आहे. आपल्याकडे तर प्रेमाचा अर्थच असा की, म्हाताऱ्याच्या हातचे काम काढून घ्यावयाचे. “तुम्ही बसा हो, आई, आता तुमचं वय झालं!” ही माया नव्हे. ही बसवून केलेली मोडतोड आहे.

म्हातारपण खोटे आहे असे मी म्हणत नाही. चूल ओली होते, पाठशाळा ओस पडते, तिप्पट वेळ लागतो. हे सगळे खरे आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की, ज्याला तिप्पट वेळ लागतो त्याला आपण तिप्पट मदत द्यावयाची, की त्याच्याकडे पाठ फिरवावयाची? ‘वय झालं’ हे निदान नाही. ती आपण आपल्याला दिलेली सुट्टी आहे.

आमच्या कोकणातल्या घरी आता न्हाणीघराच्या भिंतीला लोखंडी दांडी बसवली आहे, आणि फरशीवर खरखरीत लाद्या आहेत. नरकचतुर्दशीला तेल लावून झाले की सगळ्यांत आधी घरातली वडीलधारी माणसे न्हातात, मग पोरे. शेवटी फरशी राखेने घासून काढण्याचे काम माझ्याकडे असते; ते मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही.